ट्रायल्स बाईक गरम झाल्यावर परत चालूच होत नाही: नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

गार असताना पहिल्या-दुसऱ्या किकला उठते, गरम झाल्यावर बंद केली की मात्र किक मारून मारून पाय जातो, तरी हूं नाही की चूं नाही. याबद्दल इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलंय की सगळं एकदाच लिहून टाकतो. मी इंग्लंडच्या उत्तरेला राहतो, इथे रविवारच्या ट्रायलला जुन्या-नव्या सगळ्या टू-स्ट्रोक दिसतात, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. पण घरी यामाहा आरएक्स असेल तर बरंचसं तुम्हालाही लागू पडेल, खाली वेगळं लिहिलंय.

ट्रायल्स म्हणजे नक्की काय? मोटोक्रॉसच ना?

नाही हो. मोटोक्रॉसमध्ये कोण पहिला येतो ते बघतात, ट्रायल्समध्ये पाय किती वेळा टेकला ते मोजतात. दगड, ओढा, चिखल, झाडांची मुळं असा एक छोटा टप्पा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. एकदा पाय टेकला की एक मार्क, दोनदा दोन, त्याच्या पुढे कितीही वेळा टेका तीनच, आणि पडलात, दोरीबाहेर गेलात किंवा इंजिन बंद पडून पाय खाली आला की पाच. ज्याचे मार्क कमी तो जिंकला. स्कॉटलंडला फोर्ट विल्यमजवळ सहा दिवसांची ट्रायल होते ती शंभर वर्षांहून जुनी आहे. जॉनी ब्रिटन नावाच्या इंग्लिश रायडरने ती १९५२ आणि १९५७ ला रॉयल एनफिल्डवर जिंकली होती, २०१९ ला भारतात आलेल्या बुलेट ट्रायल्सचा तो सगळा रुबाब तिथूनच उचललेला. ती बुलेट दिसायला झकास, पण आत्ताच्या ट्रायल्स बाईक साधारण सत्तर किलोच्या असतात आणि त्यांना बसायला सीटच नसते, तेव्हा नातं फार दूरचं.

मग गरम स्टार्टचं एवढं कौतुक याच बाईकला का?

कारण हा खेळच तसा आहे. सेक्शनला पोचलात की गाडी बंद करायची, चालत जाऊन लाईन बघायची (म्हणजे सेक्शनमधून गाडी कुठून न्यायची ते), रांगेत उभं राहायचं, दोस्तांशी गप्पा, मग परत किक. दिवसभर हेच. रोडच्या गाडीला एवढ्या वेळा गरम स्टार्ट कोणी करतच नाही.

दुसरं म्हणजे गाडी बंद केल्यावर इंजिन लगेच गार होत नाही, उलट कार्ब्युरेटर आणि ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तर थोड्या वेळ जास्तच तापतात. चालू असताना पाणी फिरत असतं, रेडिएटरचा फॅन चालू असतो, गार पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरमधून जात असते. बंद केलं की हे सगळं एकदम थांबतं (बहुतेक ट्रायल्स बाईकला बॅटरीच नसते, त्यामुळे इंजिन थांबलं की फॅनही थांबतो) आणि हेड-सिलेंडरमधली उष्णता हळूहळू शेजारच्या पार्टमध्ये उतरते. म्हणून बंद केल्याबरोबर किक मारली तर चालू होते, पाच-दहा मिनिटांनी होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत शहाण्यासारखी चालू होते. हा पॅटर्न तुमच्या गाडीचा असेल तर पुढचं नीट वाचा.

बंद पडली की पहिलं काय करू?

किक मारणं थांबवा. खरंच थांबवा. दम लागेपर्यंत किक मारल्याने गाडी अजून फ्लड होते (सिलेंडरमध्ये पेट्रोल साचतं) आणि पुरावा पण जातो.

प्लग स्पॅनर खिशात ठेवा, कारच्या डिकीत नाही, खिशात. गाडी चालू होत नाहीये त्याच क्षणी, तिथेच, प्लग बाहेर काढा आणि बघा की ओला आहे की कोरडा. या सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट मला मनापासून सांगायचीये, की हा फॉल्ट गरम असतानाच सापडतो. घरी आणून, आंघोळ-जेवण करून, संध्याकाळी शेडमध्ये मल्टिमीटर घेऊन बसलात तर तुम्ही एका चांगल्या गाडीचं टेस्टिंग करताय, कारण तोपर्यंत ती गार झालीये आणि गार गाडीत काही बिघाडच नाहीये. लोक महिनोन्महिने हेच करत बसतात आणि एकेक पार्ट बदलत जातात.

ओला म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क नाही. कोरडा म्हणजे पेट्रोल पोचतच नाहीये. लगेच स्पार्कही बघा, म्हणजे निम्मं काम झालं.

स्पार्क कसा बघायचा? आम्ही प्लग हेडला टेकवून किक मारतो.

बरोबर, फक्त तीन गोष्टी सांभाळा. एक, प्लगची बॉडी हेडला घट्ट टेकलेली हवी, हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, स्पार्कला जायला रस्ता नसला की सीडीआय (ठिणगी कधी टाकायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइलवर ताण येतो. दोन, प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, कारण किक मारल्यावर तिथून पेट्रोलची वाफ फुसकन बाहेर येते आणि ठिणगी शेजारीच असेल तर भुवया जातात. तीन, प्लगच्या बारीक गॅपमध्ये स्पार्क दिसला म्हणजे सगळं ठीक असं नाही. सिलेंडरच्या आत दाब असतो, तिथे उडी मारणं स्पार्कला जास्त अवघड. म्हणून ॲडजस्ट होणारा स्पार्क टेस्टर घ्या, स्वस्तात मिळतो. उघड्या हवेत सहा-सात मिलिमीटरची उडी मारणारा निळा, कट्‌कट्‌ आवाज करणारा स्पार्क असेल तर इग्निशनला सोडा. पिवळट, केसासारखा बारीक, मध्येच गायब होणारा असेल तर तिथेच शोधा.

आणि हो, गार असतानाचा स्पार्क एकदा घरी बघून ठेवा, नाहीतर गरम असतानाचा कशाशी ताडून बघणार?

प्लग ओला आहे पण स्पार्क चांगला आहे. मग?

पेट्रोल जास्त होतंय. आत्तापुरतं पेट्रोलचा कॉक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सात-आठ सावकाश पण पूर्ण किक मारा, प्लग पुसून किंवा नवा लावून. बहुतेक वेळा खोकत-खोकत उठते. उठली तर फॉल्ट पेट्रोलच्या बाजूचा आहे हे जवळजवळ पक्कं.

आता का जास्त होतंय? माझ्या अनुभवात एक नंबरचा गुन्हेगार चोक. तुम्ही म्हणाल चोक तर मी बंद केलाय. लिव्हर बंद केलाय हो, पण आतला चोक खरोखर बंद झालाय का? डेलऑर्टो, केहिन, मिकुनी यातल्या बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे हवेची झडप नसते, तर एक छोटा प्लंजर असतो जो उचलला की जास्तीच्या पेट्रोलचं वेगळं भोक उघडतं. त्या प्लंजरच्या टोकाला रबर असतं. ते रबर कडक झालं, त्यावर खाच पडली किंवा केबलला मोकळीक राहिली नाही की ते भोक कायमचं थोडंसं उघडं राहतं. अशी गाडी गार असताना इतकी मस्त चालू होते की लोक कौतुक करतात, चोक न ओढताही पहिल्या किकला! आणि गरम झाली की मेली. म्हणजे तुमची गाडी कडाक्याच्या थंडीतही चोकशिवाय चालू होत असेल तर खूश होऊ नका, प्लंजर काढून बघा.

त्यानंतर फ्लोटची सुई आणि तिची सीट (फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरमधला तरंगणारा तुकडा, पेट्रोल पुरेसं भरलं की तो सुईने वाट बंद करतो). गाडी आडवी पडली आणि बाजूच्या नळीतून पेट्रोल आलं तर ते नॉर्मल आहे, पण स्टँडवर उभी असताना टपकत असेल तर सुई गळतीये किंवा फ्लोटची उंची चुकलीये. ट्रायल्समध्ये गाडी आडवी पडते, भिंतीसारख्या दगडावर उभी चढते, उतारावर नाक खाली करून उतरते, त्यामुळे फ्लोट थोडा जरी वर असला तरी इथे लगेच जाणवतं. सवय लावून घ्या, सेक्शनपाशी गाडी बंद केली की कॉक बंद. फुकटचा उपाय आहे, कोणी करत नाही.

एअर फिल्टरला तेल जास्त झालं असेल तरीही रिच होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पण मग ती चालतानाही घुसमटल्यासारखी चालेल.

स्पार्कच नाहीये, म्हणजे गरम असताना नाहीये. गार झाल्यावर आहे.

ही दुसरी मोठी फॅमिली. गरम झाल्यावर मरणारे पार्ट मुख्यतः हे: फ्लायव्हीलच्या मागची, वीज तयार करणारी स्टेटर कॉइल, ठिणगीची वेळ कळवणारी पल्सर म्हणजेच पिकअप कॉइल, फ्रेमला लावलेली, प्लगला हाय व्होल्टेज देणारी एचटी कॉइल आणि सीडीआय. साधारण याच क्रमाने संशय घ्या. स्टेटर इंजिनला चिकटलेला असतो, सगळी उष्णता तोच खातो. कॉइलची तार केसासारखी बारीक, तिच्यावरचं वार्निश वर्षानुवर्षं तापून-गार होऊन तडकतं, मग गरम झालं की तार प्रसरण पावते आणि आतल्या आत दोन वेढे एकमेकांना चिकटतात किंवा तुटलेलं टोक अलग होतं. गार झालं की परत जागेवर. म्हणून हा फॉल्ट लपाछपी खेळतो.

पण त्याच्याही आधी, कृपया, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या स्विचची) वायर काढून बघा. ट्रायल्सला मनगटाला दोरी बांधलेला चुंबकाचा किल स्विच असतो, त्यात चिखल-पाणी जातं, आणि हँडल वळतं तिथे वायर घासून फ्रेमला लागते. वायर कनेक्टरमधून सोडवा, किक मारा. चालू झाली तर बिघाड सापडला. मात्र मग गाडी बंद कशी करायची ते आधी ठरवून ठेवा, चोक ओढून किंवा कार्ब्युरेटरचं तोंड झाकून, आणि तपासणी झाल्यावर स्विच परत जोडा, त्याच्याशिवाय सेक्शनमध्ये जायचं नाही.

मल्टिमीटरवर स्टेटर बरोबर दाखवतोय, मग तो चांगलाच ना?

नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पहिलं म्हणजे तुम्ही गार असताना मोजलंत. दुसरं, गरम असताना मोजलंत तरी आकडा थोडा वाढणारच, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे २० डिग्रीला २०० ओम दाखवणारी कॉइल १०० डिग्रीला २६० च्या आसपास दाखवेल आणि ते अगदी नॉर्मल आहे, घाबरून जायचं कारण नाही. घाबरायचं कधी, तर मीटर एकदम ओपन दाखवतो, किंवा आकडा वाढायच्या ऐवजी खाली येतो, किंवा वायर हलवली की नाचतो. तिसरं, मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्ट देतो आणि प्रत्यक्षात त्या कॉइलमध्ये शेकड्याने व्होल्ट तयार होतात, त्यामुळे इन्सुलेशन गेलेलं मीटरला कळतच नाही.

घरी फॉल्ट बाहेर काढायचा असेल तर हेअर ड्रायर घ्या (घरच्यांना विचारून). आधी फक्त एचटी कॉइल तापवा, किक मारून स्पार्क बघा. मग फक्त सीडीआय. एका वेळी एकच. बाहेर असाल तर उलटं करा, ओला फडका कॉइलवर दोन मिनिटं ठेवा, मग किक मारा. उठली? मग कॉइल. नाही उठली तर फडका सीडीआयवर, फक्त कनेक्टर भिजवू नका. फ्लायव्हील काढायची वेळ आली तर पुलरनेच काढा, हातोडीने ठोकून क्रँकचा शाफ्ट आणि फ्लायव्हीलचे मॅग्नेट दोन्ही घालवलेले लोक मी बघितलेत.

किकने होत नाही पण उतारावरून सोडली की गरम असतानाही लगेच चालू होते. हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल नाही, उलट फारच उपयोगी माहिती आहे. उतारावर गिअर टाकून सोडलं की इंजिन किकपेक्षा कितीतरी जोरात फिरतं. स्टेटर-पल्सरचा व्होल्टेज फिरण्याच्या स्पीडवर अवलंबून, म्हणजे कमजोर झालेली कॉइल किकच्या स्पीडला स्पार्क देऊ शकत नाही पण जोरात फिरवली की देते. किंवा मग कॉम्प्रेशन गेलंय, तिथेही हेच दिसतं. दोन्हीतलं कुठलं हे स्पार्क टेस्टरने दोन मिनिटांत कळेल. किक मारायची पद्धतही बघा, आधी पिस्टन वर येऊन अडेल इथपर्यंत किक हळूच दाबायची, मग किक वर घेऊन तिथून एकच पूर्ण, खालपर्यंत. अर्धवट टुकुटुकु किकला चांगला स्टेटरही स्पार्क देणार नाही.

माझी जुनी आहे, पॉइंटवाली.

बुलटाको शेर्पा, माँटेसा कोटा २४७, यामाहा टीवाय १७५ अशा सत्तरच्या दशकातल्या गाड्यांना सीडीआयऐवजी फ्लायव्हीलमागे पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) आणि त्यांच्या जोडीला कंडेन्सर. तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे: कंडेन्सर. गरम झाल्यावर मरणं हा त्याचा जगप्रसिद्ध दुर्गुण. पॉइंट उघडताना त्यांच्यात मोठी पिवळी ठिणगी पडत असेल, पॉइंट काळे पडत असतील तर कंडेन्सर बदला, आणि जमत असेल तर नवा इंजिनपासून लांब, टाकीखाली एचटी कॉइलजवळ लावा, तिथे तो तापत नाही. गॅप साधारण ०.३५ मिलिमीटर. राजदूत-येझदीवाल्यांना हे नव्याने सांगायला नको.

स्पार्क आहे, प्लग ना फार ओला ना कोरडा, तरी नाही. आता?

मग मशिनकडे बघा. गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा आणि तुमचेच गार असतानाचे आकडे शेजारी ठेवा. फार फरक असेल तर रिंग-पिस्टन. क्रँकचे ऑइल सील पण तपासा: क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर, प्लग काळा चिकट, आणि गिअर ऑइलची लेव्हल कारण नसताना कमी. मॅग्नेटोच्या म्हणजे फ्लायव्हीलच्या बाजूचं गेलं की हवा आत येते, आयडल वर चढून अडकतं, लवकर खाली येत नाही. खात्री करायची तर इंजिन दोन्हीकडून बंद करून सहा पीएसआय दाब भरा आणि टिकतो का बघा.

पाण्याने गार होणाऱ्या गाड्यांना अजून एक लपलेला रोग असतो. हेडच्या ओ-रिंग गेल्या की इंजिन बंद केल्यावर सिस्टिममध्ये दाब असतो तोच थोडंसं कूलंट सिलेंडरमध्ये ढकलतो. चालताना काही कळत नाही, बंद केल्यावर पाच मिनिटांत प्लगवर थेंब. प्लगवरचा ओलावा बोटावर घ्या, पेट्रोल उडून जातं, कूलंट चिकट राहतं. रेडिएटरची लेव्हल हळूहळू उतरत असेल तर हेच.

पेट्रोलमुळे होतं का? इथेनॉल वगैरे?

थोडंफार. प्लग कोरडा असेल तर आधी टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज आला तर झाकणाची हवेची नळी बंद आहे, विषय संपला. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस डिग्रीच्या आतच उडायला लागतात, त्यामुळे तापलेल्या कार्ब्युरेटरमध्ये आणि एक्झॉस्टजवळून गेलेल्या पाईपमध्ये वाफ होते. पाईप लांबून घ्या. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल), भारतात तर आता ई२०, आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनवलेली नव्हती, फुगतात. गंमत म्हणजे चोकच्या प्लंजरचं रबर त्यातलंच एक. तरी पण खरं सांगू का, पेट्रोलला शिव्या घालणारे जेवढे भेटतात त्यातल्या बहुतेकांचा बिघाड दुसरीकडेच निघतो.

ऑइल किती टाकायचं?

मॅन्युअल सांगेल तेवढं. जुन्या गाड्यांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, नवीन ट्रायल्सला चांगलं सिंथेटिक घालून ८० ला १, म्हणजे १२.५ मिली इतकंही चालतं. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून प्लग काळे करू नका. प्लगचा नंबरही कंपनीचाच ठेवा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं, हे लक्षात न घेता लोक भलताच प्लग लावून येतात.

माझी फोर-स्ट्रोक आहे, माँटेसा ४आरटी.

स्पेनचा ट्रायल्स रायडर टोनी बाऊ २००७ पासून दरवर्षी वर्ल्ड टायटल घेतोय त्या घराण्यातली, म्हणजे गाडीला दोष देता येणार नाही. थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून किक मारा, हात शिवशिवत असेल तर मूठ सोडून द्या. बॅटरी नसलेलं फ्युएल इंजेक्शन आहे, किकमधूनच सगळी वीज तयार होते, त्यामुळे किक पूर्ण हवी. तरी गरम असतानाच त्रास असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघा. व्हॉल्व्हची सीट झिजत गेली की क्लिअरन्स म्हणजे मोकळी फट कमी होते, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. सगळ्याच फोर-स्ट्रोकना हे लागू.

आमच्या आरएक्स हंड्रेडला यातलं काय चालेल?

पॉइंट आणि पाण्याचा भाग सोडून जवळपास सगळं. मिकुनी कार्ब्युरेटर, चोकचा प्लंजर, सीडीआय, पल्सर, क्रँक सील, सगळं तिथेही आहे. फक्त तिथे अजून एक भर: बाजारातले डुप्लिकेट सीडीआय आणि कॉइल. पुण्या-कोल्हापुरात स्टेटर बांधून (नवी तार गुंडाळून) देणारे चांगले कारागीर अजून आहेत, ओरिजिनल स्टेटर चांगल्या माणसाकडून बांधून घेतलेला नवीन डुप्लिकेटपेक्षा बरा. बांधून आणल्यावर गाडी अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग किक मारा, आणि मगच पैसे पूर्ण द्या.

उद्या ट्रायल आहे, पार्ट यायला आठवडा लागेल. जाऊ का नको?

जा की. दोन नवे प्लग, स्पॅनर, पाण्याची बाटली आणि फडका बरोबर घ्या. बाकीचे गाडी बंद करून लाईन बघायला जातील तेव्हा तुमची दोस्ताच्या हातात चालू ठेवा, तो फॅन फिरतोय ना एवढं बघेल. बंद करायचीच झाली तर सावलीत, कॉक बंद करून, आणि शक्यतो उताराच्या डोक्यावर.